दोन लिटर आणि बावीस पावले

३ फेब्रुवारी, सायंकाळ

प्रिय धाकटे,

ज्येष्ठ बंधूचे आशीर्वाद, पूर्ण मापाने, काट्याला काटा लावून.

घरात दूरध्वनी असता दादाने कागद का खर्ची घातला, अशी शंका तुझ्या मनात प्रथम उद्भवेल. कारण असे की आपले मातुल, म्हणजे मामा, परवापासून ज्वरग्रस्त अवस्थेत माझ्या निवासस्थानी दाखल झाले असून त्यांची शय्या मी पुढच्या खोलीत, दूरध्वनीला लागूनच मांडली आहे. अग्निशामक दलात चौतीस वर्षे घंटेकडे कान लावून बसलेला हा गृहस्थ निवृत्त झाला, त्याचे कान मात्र अद्याप सेवेत आहेत. त्यांच्याविषयी त्यांच्याच उशाशी बोलणे अशक्य. सबब हे पत्र सकाळच्या बसच्या वाहकाहस्ते धाडतो. त्याची बस तुमच्या रुग्णालयाच्या फाटकाशीच थांबते आणि सायंकाळी परतते. उत्तर त्याच्याच हाती द्यावे.

व्याधीचे स्वरूप : ज्वर एकशे दोन, कास म्हणजे खोकला, अंगमर्द आणि अन्नद्वेष. काल डॉक्टर आले, छाती ऐकली, औषधे लिहिली आणि दारात चपला घालता घालता मुख्य गोष्ट बोलले. वय अठ्ठ्याहत्तर, तापात अंगातले पाणी उडून जाते, आणि या वयात तहान लागली आहे हे कळतही नाही. औषधाबरोबर दिवसाला दोन लिटर पाणी पोटात गेलेच पाहिजे, अन्यथा रुग्णालय.

रुग्णालय हा शब्द ऐकताच मामा उठून बसले. त्यांचा युक्तिवाद असा : रुग्णालय म्हणजे स्ट्रेचर, स्ट्रेचर म्हणजे तीन जिने, आणि आपल्या गावातली रुग्णवाहिका अग्निशामक दलाचीच असल्याने त्या तीन जिन्यांवरून त्यांना उतरवायला येणार ती पोरे त्यांनीच शिकवलेली. ज्यांना खांद्यावर माणूस कसा घ्यावा हे शिकवले, त्यांच्या खांद्यावर जायचे त्यांच्या मनात नाही. त्यांना आडवे करून या घराबाहेर नेणार नाही, असे वचन त्यांनी माझ्याकडून घेतले. मी ते दिले.

आणि का न द्यावे? वजनमापे निरीक्षक या नात्याने सव्वीस वर्षे मी परक्यांच्या दुकानी परक्यांचे लिटर तपासले. आज लिटर स्वतःच्या पायांनी माझ्या घरी चालत आले. मी रजा टाकली. दोनशे मिलिलिटरचा एक काचेचा ग्लास कार्यालयातल्या प्रमाणमापाशी ताडून पाहिला, त्यावर काठाशी रेघ आखली. मामांच्या उशाशी तिवईवर तोटीचे पाच लिटरचे स्टीलचे पिंप स्थापन केले. दिवसाला दहा ग्लास. प्रत्येक ग्लासाची वेळ वहीत, तळाला राहिलेला थेंब वजा.

मामांची अट एकच. माणूस पाणी पीत असताना त्याच्या नरड्याकडे बघत कोणी उभे राहू नये. अट सुसंस्कृत आहे. मी ग्लास भरून देतो, स्वयंपाकघरात जातो, शंभर आकडे मोजतो आणि परततो. ग्लास रिता. आज पहिल्याच दिवशी दोन लिटर पूर्ण. मामांना पाणी पाजणारा अजून जन्मायचाय, असे दलात म्हणत असत. तो जन्मून बावन्न वर्षे झाली, हे त्यांना कळवावे लागेल.

तुझा
दादा

४ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र वॉर्डात उघडलं ही चूक झाली. नवीन मुलगी मला विचारत होती, सिस्टर, अन्नद्वेष हा संसर्गजन्य असतो का. साध्या मराठीत लिही. जेवत नाहीत असं लिही.

मामांना घरी आणलंस हे फार बरं केलंस. त्यांच्या त्या एका खोलीत कोणी बघणारं नव्हतं. पण अख्खा ग्लास एकदम हातात देऊ नकोस. तापातल्या माणसाला पाण्याचा ढीग बघूनच नको होतं. दर दहा-पंधरा मिनिटांनी दोन-चार घोट. नुसतं पाणीच नको, औषधाच्या दुकानातून मीठ-साखरेच्या पुड्या आण, एका लिटरला एक. लिंबाचं सरबत, पातळ सूप, सगळं त्या दोन लिटरात धरायचं.

आणि आता महत्त्वाचं. आत किती गेलं त्याचं तू पानभर लिहिलंस. बाहेर किती आलं ते कुठाय? लघवीला किती वेळा जातात आणि रंग कसा आहे, हे मला कळव. जीभ बघ, ओली आहे का कोरडी. हाताची कातडी चिमटीत धरून बघत बसू नकोस, या वयात ती फसवते. बोलण्यात काही वेगळं वाटलं तर लगेच सांग.

आणि त्या ग्लासवर शिक्का मारला नसशील अशी आशा करते.

धाकटी

५ फेब्रुवारी, सायंकाळ

प्रिय धाकटे,

शिक्का मारलेला नाही. काच तडकण्याचा संभव होता.

तू ज्या विषयाला हात घातलास, तो आपल्या कुलात आजवर पत्राद्वारे चर्चिला गेलेला नाही. तथापि तू परिचारिका आहेस आणि तुझ्या पेशाचा मान राखणे मला प्राप्त आहे. तर निर्गमाविषयी : काल एकदा, आज पहाटे एकदा. वर्ण, तिसऱ्यांदा उकळलेल्या चहासारखा. खोकल्याच्या औषधाचा वर्णही नेमका तोच असल्याने मला त्यात काही गूढ वाटले नाही. जिव्हादर्शनाची विनंती केली. मामा म्हणाले की जीभ त्यांनी दलाच्या प्रमुखालाही कधी दाखवली नाही.

तुझ्या पुड्या आणल्या. लिटरला एक या प्रमाणात पाच पुड्या सरळ पिंपातच विरघळवल्या, म्हणजे वेगळी उठाठेव नको. सरबत केले होते, ते आंबट म्हणून परत आले. घोट-घोट देण्याचा तुझा सल्ला मी मामांपुढे मांडला, पण त्यांना पूर्ण ग्लासच पसंत आहे. त्यांच्या शब्दांत, काम एकदाच करावं आणि मोकळं व्हावं. तीन दिवसांचे सहा लिटर वहीत चोख नोंदलेले आहेत. पिंपही मोठे गुणी निघाले. पहिल्या दिवशी भरले ते अद्याप भरावे लागलेले नाही. आपल्या आईच्या काळची भांडी, धातूतच बरकत असावी.

आता एक सुखद वार्ता. मामांच्या वृत्तीत माझ्याविषयी लक्षणीय परिवर्तन घडले आहे. तू जाणतेसच की मला निरीक्षक पद मिळाले तेव्हा त्यांनी ‘म्हणजे आता तराजू पुसणार का’ एवढेच विचारले होते. आज दुपारी मी ग्लास घेऊन खोलीत प्रवेश केला, तो मामा बिछान्यात ताठ बसले, कपाळाशी हात नेऊन त्यांनी मला सलाम केला आणि म्हणाले, “साहेब, दुसरी गाडी मागच्या गल्लीत लावली आहे.”

पदाची दखल या कुटुंबात प्रथमच घेतली गेली. मी प्रतिसलाम केला आणि विश्राम म्हणालो. ते आज्ञाधारकपणे आडवे झाले आणि तेव्हापासून शांत झोपून आहेत. हाक मारली तर अर्धा डोळा उघडतात. विश्रांती लागू पडत आहे.

तुझा
दादा

६ फेब्रुवारी

दादा,

वाहकाला सांगितलंय, जिना पळत चढ आणि हे हातात दे.

मामा तुला मान देत नाहीयेत. त्यांना भ्रम होतोय. अंगातलं पाणी सुकलं की म्हाताऱ्या माणसाला असंच होतं, वेळ-काळ कळेनासं होतं, झापड येते. मी सकाळपासून दोनदा फोन केला. दोन्ही वेळा त्यांनीच उचलला, ‘आग आटोक्यात आहे’ म्हणाले आणि ठेवून दिला. तू कुठे होतास? शंभर मोजत होतास? तुमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात निरोप ठेवलाय, ते येतीलच. नाही आले तर तू जाऊन घेऊन ये.

आता बेरीज कर. पाच लिटरचं पिंप. तीन दिवसांत सहा लिटर संपले. आणि पिंप एकदाच भरलं. कुठेतरी पाणी मुरतंय असं लिहिणार होते, पण मुरतही नाहीये, ते जागचं हललेलंच नाही. तू पाठ फिरवलीस की ते ग्लास परत पिंपात ओततात. तेच पाणी तू त्यांना तीन दिवस देतोयस आणि तेच ते परत करतायत. तू ग्लास मोजलास, दादा. माणूस मोजला नाहीस.

ओरडू नकोस त्यांच्यावर. विचार. मामा कशालाच घाबरत नाहीत. मग हे कशाला तरी फारच घाबरल्याशिवाय होणार नाही. बिछान्यातच वापरायचं लघवीचं भांडं सोबत पाठवतेय, उठायला नको. रविवारी मी येते, रजा टाकलीय. पण पाणी त्यांना आजपासूनच जायला हवं.

धाकटी

८ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

प्रथम निष्कर्ष : ते घरीच आहेत आणि शुद्धीवर आहेत. आता उरलेले वाच.

तुझ्या पत्राच्या आधी तुझा निरोप पोहोचला आणि निरोपापाठोपाठ डॉक्टर. त्यांनी मामांची जीभ पाहिली. त्या वेळी मामांना हरकत घेण्याचे भान नव्हते. ती जीभ मीही पाहिली. वाळलेल्या चामड्यासारखी होती. डॉक्टरांनी सलाईनची एक बाटली तिथेच लावली, माझ्या कोटाच्या खुंटीला टांगून, आणि मला दाराबाहेर नेऊन सांगितले की ही एक बाटली घरात. उद्या संध्याकाळपर्यंत हे स्वतःच्या तोंडाने पाणी प्यायले नाहीत, तर रुग्णवाहिका. तुम्ही कोणाला कसलं वचन दिलंय ते मला सांगू नका.

बाटली संपेतो मामा माणसांत आले. मला पाहून सलाम केला नाही, ‘अजून इथेच आहेस का’ असे विचारले. यापूर्वी या वाक्याने मला कधी आनंद झाला नव्हता.

काल सकाळी मी नेहमीप्रमाणे ग्लास भरून दिला आणि नेहमीप्रमाणे खोलीबाहेर पडलो, मात्र स्वयंपाकघरात गेलो नाही. दाराच्या फटीशी उभा राहिलो. मामांनी कोपरावर भार देऊन अंग उचलले. पिंपाचे झाकण एका बोटाने सरकवले, ग्लास कडेला टेकवला आणि पाणी आत सोडले, आवाज नाही, बाहेर एक थेंब नाही. धाकटे, पाण्याच्या अशा हाताळणीला मी कोणत्याही बाजारात प्रमाणपत्र दिले असते.

मी आत गेलो. विचारले, “मामा, हे तीन दिवस चाललंय?”

“चार.”

“का पण?”

त्यांनी ग्लास खाली ठेवला. “आत गेलं की बाहेर येतं. बाहेर यायची जागा बावीस पावलांवर आहे. मला सोळा जमतात.”

मग ते भिंतीकडे तोंड करून सांगत गेले आणि मी जमिनीवर, पिंपाशेजारी बसून ऐकत राहिलो. दोन तारखेला मी औषधे आणायला गेलो तेव्हा ते उठले होते. संडासाच्या वाटेवर, चपलांच्या मांडणीपाशी, सतराव्या पावलाला गुडघे गेले. अर्धा तास तिथेच बसून होते. जिन्यावर माझी पावले ऐकून भिंतीला धरून उभे राहिले आणि मी आत आलो तेव्हा चपला लावत असल्याचे त्यांनी मला सांगितले. मी ते वाखाणलेही होते, या वयातही किती टापटीप म्हणून. त्यानंतर दिवसात एकदाच, मी अंघोळीला गेलो की, भिंतीला घासत जायचे आणि बाकी वेळ जाण्याची गरजच पडू द्यायची नाही, असा त्यांनी बेत केला. तिथवर जायचे नसेल, तर पाणीच नको. हिशोब बिनचूक होता.

मला का सांगितले नाही, असे मी विचारले.

“तू धरलं असतंस,” ते म्हणाले. “धरता धरता बोलला असतास. आणि मग वहीत लिहिलं असतंस.”

तिन्ही विधाने सत्य होती. आमच्या खात्यात माप तपासतात, खरे असले तर शिक्का मारतात आणि पुढच्या दुकानी जातात. आपण वळल्यावर दुकानदार त्या मापाने काय ओततो, हे पाहण्याची पद्धत नाही. सव्वीस वर्षे मला एवढेच पुरेसे वाटत आले.

मी वही फाडली. नाट्यमय कृती होती, मान्य आहे, आणि तिची वाखाणणी झाली नाही. मामा म्हणाले, कागद गोळा कर. मग मी तुझे भांडे पुढे केले. त्याकडे पाहून ते म्हणाले की याच्यापेक्षा स्ट्रेचर बरा. (प्रसंगोपात्त : भांड्यावरच्या रेघा खोट्या आहेत. तीनशेच्या रेघेला दोनशे ऐंशीच भरते. पुरवठादारास कळवावे.)

डॉक्टर संध्याकाळी यायचे होते. सकाळचे साडेनऊ झाले होते. पिंप काठोकाठ होते. मी, ज्याला शब्दांचा तुटवडा कधी भासला नाही, तो त्या खोलीत मुकाट बसलो होतो. बहुधा त्या शांततेमुळेच मामांनी तोंड वळवले आणि माझ्याकडे नीट पाहिले. म्हणाले, “पट्टा आहे का कमरेला?”

आहे, म्हणालो.

“धुरात कोणी एकटा जात नाही. दोघं जातात. पुढचा वाट काढतो, मागचा त्याचा पट्टा धरतो. त्यात कोणी कोणाला नेत नाही, दोघं कामाला चाललेले असतात. मी मागे राहीन.” पुढे म्हणाले, “आणि धुरात तोंड उघडायचं नसतं. एक शब्द नाही.”

मग त्यांनी ग्लास उचलला आणि माझ्यासमोर, माझ्याकडे पाहत, चार घोट घेतले.

पहिली मोहीम पावणेअकराला निघाली. माझा पट्टा आजवर केवळ उदरभार सांभाळत होता. त्याला मागून पकड बसली आणि मी पाऊल उचलले. सतराव्या पावलाला भार वाढला. मी थांबलो. ते थांबले. वळून पाहण्याची मुभा नव्हती. मग पाठीमागून पट्ट्याला एक बारीक हिसका बसला, निघ अशा अर्थाचा, आणि आम्ही उरलेली पावले टाकली. दाराशी मी तोंड भिंतीकडे करून उभा राहिलो. तीन उत्कृष्ट वाक्ये सुचली होती. तिन्ही गिळली.

संध्याकाळपर्यंत आठ ग्लास आणि चार मोहिमा. डॉक्टर आले. मामांनी आपण होऊन जीभ काढून दाखवली. डॉक्टरांनी पाहिली, नाडी पाहिली, रुग्णवाहिकेचे नाव न काढता चहा घेतला आणि गेले.

तुझा
दादा

९ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र वाचून आधी हसले आणि मग औषधांच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. त्या नवीन मुलीला वाटलं घरी काही झालं.

वर्णन पुरे. तुझे आकडे मी यापुढे ग्राह्य धरणार नाही, तुझा इतिहास वाईट आहे. मामांना सांग, स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहा. किती प्यायले, किती वेळा गेले, रंग, ताप. ते रिपोर्ट लिहायचे दलात, त्यांना जमतं. ताप गेला तरी दोन-तीन दिवस पाणी सोडायचं नाही, हेही सांग.

आणि दादा, वही फाडलीस ते चांगलं केलंस.

धाकटी

११ फेब्रुवारी

पोरी,

कळवायला सांगितलंस म्हणून कळवतो.

ताप : परवा रात्रीपासून नाही. पाणी : काल अकरा ग्लास, त्यातले दोन सरबत, एक सूप. थोडं थोडं, त्याच्यासमोर. पिंप आतापर्यंत दोनदा भरलं. बाहेर : सात वेळा. रंग : पहिल्या दिवशी चहा, आता सरबत. जीभ ओली. खोकला आहे, जाईल.

पहिल्या दिवशी सतराव्या पावलाला थांबावं लागलं. दुसऱ्या दिवशी एकविसाव्याला. काल कुठेच नाही.

तुझ्या भावाबद्दल. मी घोट घेतला की तोही घेतो. म्हणतो, तुलनेसाठी दुसरं माप लागतं. त्यामुळे तोही माझ्याइतकाच जातो. काल दुपारी त्याला घाई होती, मला नव्हती. तरी उठलो आणि पट्टा धरला. धुरात माणसाला एकटं सोडत नाहीत.

अजून एक शब्द बोललेला नाही, वाटेत. खोलीत आल्यावर बोलतो, त्याला इलाज नाही. पण ती बावीस पावलं आणि परतीची बावीस तो गप्प असतो. पाठमोरा थेट माझ्या बहिणीसारखा चालतो, तुमच्या आईसारखा, डावा खांदा जरा पुढे टाकून. इतकी वर्षं तो माझ्यापुढे बोलत असायचा, त्यामुळे हे कधी दिसलं नव्हतं.

रविवारी ये. ते भांडं परत घेऊन जा, तो त्याच्या रेघा खोडून नव्या आखतोय.

पट्ट्याची गरज कालपासून नाही. पाय ठीक आहेत. हे त्याला सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

मामा